पुरुषांच्या सोनोग्राफी शिबिरात आम्ही मामा-भाचे कसे फसलो

रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायचं, एवढंच माझं दुखणं. वय ५६. नागपुरात इतवारीत धान्याच्या ठोक दुकानात हिशेबाचं काम करतो. दवाखाना म्हटलं की आधी खिसा आठवतो, आणि हे दुखणं तर बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? अशात जानेवारीत एका सकाळी पेपरातून पत्रक पडलं: 'फक्त पुरुषांसाठी. प्रोस्टेट, किडनी, अंडकोष, शुक्रजंतू, कॅन्सर. एकाच सोनोग्राफीत संपूर्ण तपासणी. ४९९ रुपये.' प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. मानेवाड्याकडे रिंग रोडला लागून एक लग्नाचा हॉल, रविवारी दहा ते चार.

मी एकटा फसलो असतो तर हे लिहिलं नसतं, लाजेने गिळून टाकलं असतं. पण मी भाच्यालाही सोबत नेलं. तो २९ वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि माझी बहीण दर फोनला त्याच्या बायकोला "काही बातमी?" विचारणारी. मला वाटलं, माझंही होईल, त्याचंही होईल, घरात कोणाला कळायचं काम नाही.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती आणि एकही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. सगळे मोबाइलमध्ये. आता वाटतं, त्या लोकांचं खरं भांडवल मशीन नव्हतंच, आमच्या या खाली घातलेल्या माना होत्या. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच, आणि खाली हिरव्या पडद्याआड टेबल अन् लॅपटॉपएवढं मशीन. पांढऱ्या कोटातल्या पोराने पोटावर गार जेल लावलं, तीन मिनिटं प्रोब फिरवला, तोच प्रोब पुसून अंडकोषावर टेकवल्यासारखा केला आणि म्हणाला, "झालं काकाजी, पुसून घ्या." पाणी प्यायलो का, शेवटची लघवी कधी केली, रात्री किती वेळा उठतो, काहीही विचारलं नाही.

रिपोर्ट 'सल्लागारा'कडे मिळायचा. त्याला बसवलं होतं ज्या खोलीत, तिच्या दारावर 'वधू पक्ष' अशी पाटी. त्याने आवाज एकदम खाली आणला. "काकाजी, प्रोस्टेट ४० ग्रॅम आहे. नॉर्मल वीस. लघवी केल्यावरही ८५ मिली आत राहून राहिली. आज नाही केलं तर सहा महिन्यांत नळी टाकावी लागेल." मग भाच्याकडे वळला. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषावरच्या नसा फुगलेल्या, ग्रेड तीन, शुक्रजंतू चाळीस टक्केच शिल्लक. "मूल होईल, पण वेळ घालवू नका." पोराच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तो फक्त एवढंच बोलला, "मामाजी, घरी सांगू नका."

त्यानंतर आम्ही विचार केलाच नाही. माझा सहा महिन्यांचा 'कोर्स' १८,५०० चा, त्याचा २७,००० चा. मी ८,००० भरले, त्याने १५,०००, बाकी हप्त्याने. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. पावतीवर तपासणीचा उल्लेख नाही, उपचाराचा नाही. 'आहारपूरक उत्पादने, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासणारा माणूस मी, आणि स्वतःची पावती घरी येऊन वाचली. तपासणीची फी धरून दोघांचे २३,९९८ रुपये गेले.

पण सगळ्यात मोठी थट्टा पुढे आहे. रिपोर्टमध्ये प्रोस्टेटची तीन मापं दिली होती, ३.४, ३.८ आणि ३.१ सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी दुकानात कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून पाहिला. ४०.०५. म्हणजे ४० ग्रॅम बरोबर! हिशेब जुळला, म्हणून माझा विश्वास आणखी पक्का झाला. सवयच तशी, बेरीज जुळली की माणूस खरा.

बिंग फोडलं बायकोने. स्कूटरच्या डिकीत तिला बिनलेबलच्या कॅप्सुलांची डबी आणि रिपोर्ट सापडला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "अहो, तुम्ही झोपायच्या आधी तांब्याभर पाणी पिता, रात्री उठून पुन्हा पिता. दोन महिन्यांपासून बघून राहिली मी. कायची प्रोस्टेट? आधी शुगर तपासा." आणि मी समजत होतो तिला काही माहीत नाही.

धंतोलीतल्या एका रेडिऑलॉजिस्टकडे गेलो. तिथे आधी जवळजवळ लिटरभर पाणी पाजलं आणि लघवी धरून बसवलं, कारण मूत्राशय भरलेलं असलं तरच त्याच्या खालची प्रोस्टेट पोटावरून नीट दिसते. तपासलं, मग लघवी करून यायला सांगितलं, मग पुन्हा तपासलं. उरलेली लघवी मोजायची हीच पद्धत. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट बघून विचारलं, "तिथे तुम्हाला लघवीला पाठवलं होतं का?" नव्हतं पाठवलं. मग ८५ मिली आले कुठून? खरे निघाले २० मिली. आणि माझा तो जुळलेला गुणाकार? डॉक्टर हसले. "तुम्ही पेटीचं माप काढलं. ही ग्रंथी गोलसर असते, म्हणून लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला शेवटी ०.५२ ने गुणायचं असतं." ४०.०५ गुणिले ०.५२ म्हणजे २०.८. म्हणजे त्या पोराने मापं बहुधा ठीकच घेतली होती, शेवटची पायरी तेवढी गाळली. ती चुकून गाळली असं मला तरी वाटत नाही. आमच्या धंद्यात वजनकाटा असाच 'चुकतो', आणि नेहमी एकाच बाजूला.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पन्नाशीनंतर प्रोस्टेट थोडी वाढतेच, नुसत्या आकारावरून औषध ठरत नाही, त्रास किती आहे ते बघतात. आणि सोनोग्राफीवर विसंबून कॅन्सर आहे की नाही हे सांगता येत नाही. त्याची शंका आली तर बोटाने तपासणी, पीएसए नावाची रक्ततपासणी, एमआरआय आणि शेवटी बायोप्सी, असा तो रस्ता आहे. माझी उपाशीपोटी शुगर निघाली १६८. १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेहाचा विचार करतात. शिबिरात रक्ताचा एक थेंबही घेतला नव्हता.

भाच्याला तयार करायला चार दिवस लागले. तो बायकोशी धड बोलत नव्हता, नोकरीवर दांड्या सुरू होत्या. युरॉलॉजिस्टने आधी उभं करून हाताने तपासलं. मग म्हणाले, "ग्रेड तीन म्हणजे फुगलेल्या नसा वरून डोळ्यांना दिसतात. त्याला मशीन लागत नाही. तुला आहे असं कोण म्हणालं?" तरी शंका नको म्हणून कलर डॉपलर, म्हणजे नसांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, केला. त्याचा प्रोबच वेगळा असतो, चपटा. झोपवून बघतात, उभं करून बघतात, श्वास रोखून पोटावर जोर द्यायला लावतात. नसा नॉर्मल. आणि समजा व्हेरिकोसील असतं तरी काय? तो साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना असतो, बहुतेकदा डावीकडेच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात. फक्त डॉपलरवर दिसणारा, हाताला न लागणारा असेल तर त्याचं ऑपरेशनही करत नाहीत.

आणि शुक्रजंतूंचे टक्के! सोनोग्राफीत शुक्रजंतू दिसतच नाहीत. त्यासाठी दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा लागतो, तो लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख दिली आहे. पोराचे निघाले ४ कोटी ८० लाख. लॅबच्या पायरीवर बसून त्याने मला तो कागद तीनदा वाचायला लावला.

पैशांचं म्हणाल तर नंबर बंद, आणि हॉलवाला म्हणतो आम्ही फक्त भाड्याने देतो. उरलेले हप्ते आम्ही भरले नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, पोलिसांतही दिली. महापालिकेच्या आरोग्य विभागात गेलो तर तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न मशीनच्या नोंदणीचा. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवलेलं असावं लागतं, प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावावं लागतं, आणि पोर्टेबल मशीन उचलून वाट्टेल त्या हॉलात नेता येत नाही. मला वाटायचं तो कायदा फक्त बायांच्या सोनोग्राफीला. नाही, कायदा पेशंट बघत नाही, मशीन बघतो. आमच्या हॉलच्या भिंतीवर 'शुभ विवाह' सोडून काहीच नव्हतं, आणि रिपोर्टखालच्या सहीत डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही नव्हता.

कॅप्सुला बायकोने फेकू दिल्या नाहीत, तक्रारीला लागतील म्हणून डबी पिशवीत बांधून कपाटात ठेवली आहे. त्या मी नऊ दिवस खाल्ल्या होत्या, तेही दिवाणखान्यात टीव्हीचा आवाज वाढवून, डबीचा खडखडाट ऐकू जाऊ नये म्हणून.

परवा पेपरातून पुन्हा पत्रक पडलं. नाव नवीन, फोटोतलं मशीन तेच, फी आता २९९. येत्या रविवारी, वाडीच्या बाजूला, पुन्हा लग्नाचा हॉल. पत्रक घेऊन सोमवारी महापालिकेत गेलो, तर साहेब म्हणाले वाडी आमच्या हद्दीत येत नाही, जिल्ह्याच्या कार्यालयात द्या. उद्या तिकडे जातो आहे. भाचा म्हणाला, मामाजी, मीही येतो.