डुकराच्या पिल्लांची दूध तोडल्यावरची हगवण: पाण्यात ॲसिडिफायर की खाद्यात प्रोबायोटिक?

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा रस्ता आपल्याकडे २०१९ मध्येच सरकारी बंदीने बंद झाला. झिंक ऑक्साइड आपल्याकडे अजून मिळतं आणि हगवण थांबवतंही, पण टनभर खाद्याला अडीच-तीन किलोचा तो औषधी डोस युरोपने जून २०२२ पासून बंद केला. कारण जस्त पिल्लाच्या अंगी फारसं लागत नाही, विष्ठेतून जमिनीत उतरतं. आमच्या शेडची विष्ठा मुरबाडकडच्या भाताच्या खाचरांतच जाते, म्हणून मीही ते सोडलं. मग उरतात दोन वाटा: पाण्यात घालायचं आम्ल म्हणजे ॲसिडिफायर, नाहीतर खाद्यात मिसळायचे उपयोगी जिवाणू म्हणजे प्रोबायोटिक. दोन्ही मी वापरल्यात.

दोन्हींचा हेतू एकच. आईच्या अंगावर पीत असताना दुधातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू जगतात, आम्ल तयार करतात आणि पोट आंबट ठेवतात. पिल्लाचं स्वतःचं आम्ल तेव्हा कमीच असतं. दूध तुटलं की ही उसनी आंबटाई जाते. वर मका-सोयाचं न पचलेलं प्रथिन पुढे सरकतं, आतड्याची लव खुरटते आणि ई. कोलाय या जिवाणूला आयतं रान मिळतं. त्यातले अंगावर एफ४ किंवा एफ१८ नावाचे बारीक धागे असलेले प्रकार आतड्याला चिकटतात आणि त्यांच्या विषाने अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. काही पिल्लांच्या आतड्यात या धाग्यांना पकडायला जागाच नसते, म्हणून एकाच वेतातली दोन लोळागोळा होतात आणि तिसरं उड्या मारत असतं. त्या तिसऱ्याचं श्रेय कुठल्याही पुडीला देऊ नये.

ॲसिडिफायरची बाजू खरंच भक्कम आहे. दूध तोडल्यावर पहिला दिवस-दीड दिवस पुष्कळ पिल्लं खाद्याला तोंड लावत नाहीत, पण पाणी पितात. म्हणजे औषध पोचायला हवं त्याच वेळी पोचतं. पाण्याचा पीएच ४ च्या आसपास आणला की काम होतं. त्याच्या फार खाली नेलात तर पिल्लं पाणीच कमी पितात. बोअरचं पाणी जड असेल तर ॲसिड जास्त लागतं, आणि पावसाळ्यात विहिरीवर आलात की माप पुन्हा बसवावं लागतं. पीएचच्या पट्ट्या स्वस्त आहेत, तेवढी तसदी घ्यायला माझी ना नाही.

माझं बिनसलं ते निपलवर, म्हणजे पिल्लं ज्यातून पाणी पितात त्या तोटीवर. पाइपच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा बुळबुळीत थर असतो. आंबट पाणी गेलं की तो सुटतो आणि थेट निपलच्या जाळीत येऊन बसतो. तो निघाला म्हणावं, तर लाइनच्या टोकाला, जिथे पाणी रेंगाळतं, तिथे आंबट पाण्यातच बुरशी धरते. निपल उघडलं की गुलाबीसर, शेंबडासारखी तार बोटाला लागते. बाहेरून यातलं काही दिसत नाही. अंगठ्याने दाबलं तर चार थेंब येतात आणि आपल्याला वाटतं, चालू आहे. पिल्लू मात्र दोनदा नाक लावतं आणि कोपऱ्यात जाऊन पडतं. हगवणीच्या पिल्लाला आधीच पाणी कमी, त्यात हे. दुसऱ्या दिवशी कुशी आत गेलेल्या, डोळे खोल, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. आणि माणूस समजतो ॲसिड कमी पडलं, म्हणून अजून ओततो! आमचा गडी सकाळ-संध्याकाळ तार घेऊन निपलं कोरत बसायचा. शेवटी मला वाटलं, एवढीच मेहनत करायची तर ती पिल्लांच्या तोंडापाशी करू.

प्रोबायोटिकमध्ये लॅक्टोबॅसिलसची पुडी आमच्या बाजूला टिकवणं कठीण. वीज जाते, फ्रिज बंद पडतो आणि मे महिन्यात शेडमध्ये त्यातलं काय जिवंत राहतं देव जाणे. त्याऐवजी बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूंची पूड घ्या. ते बीजाणूच्या, म्हणजे कवच धरून निजलेल्या रूपात असतात, उकाड्याला दाद देत नाहीत. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर पूड गोळा होते, तेवढं घट्ट डब्यात ठेवावं. हे जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत, रोज द्यावे लागतात. आणि अँटिबायोटिक चालू असताना ही पूड घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

राहिला न खाणाऱ्या पिल्लाचा प्रश्न. दूध तोडायच्या आठवडाभर आधीपासून आईजवळच सुक्या खाद्यातून पूड सुरू करायची. तोडल्यावर तेच खाद्य कोमट पाण्यात पेजेसारखं पातळ करून उथळ ताटात ठेवायचं. पिल्लं त्यात पाय घालतात, बसतात, पण चाटतात. ठाण्याच्या दमटपणात ही पेज लवकर आंबते, म्हणून थोडी थोडी, दिवसातून पुष्कळदा. ताट रोज घासायचं. कटकट आहेच, पण ताट रिकामं झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं. निपलमध्ये काय चाललंय ते दिसत नाही.

आमच्याकडे लागण बेताची आहे, दुसऱ्याच्या शेडमध्ये चित्र वेगळं असू शकेल. डोसिंग पंप, पीव्हीसीची नवी लाइन आणि ती रोज धुवायला माणूस असेल, तर ॲसिडिफायर घ्या, मी आडवा येणार नाही. जुन्या लोखंडी पाइपवर मात्र नको, आम्ल तो खातं. वीस-पंचवीस माद्यांच्या आतला कारभार असेल तर मी पूड आणि पेजच सांगेन.

दोन्हींपैकी काहीही निवडा, दूध तोडल्यानंतरच्या पंधरवड्यात खाद्यातली चुनखडी कमी करा. ती पोटातली आंबटाई मारते. कल्याण-उल्हासनगरच्या हॉटेलांचं उरलंसुरलं नीट उकळून मोठ्या डुकरांना घाला, नुकतं दूध तोडलेल्यांना अजिबात नको. हगवण लागलेल्याला मीठ-साखरेचं पाणी वेगळ्या भांड्यात द्या. विष्ठेत रक्त दिसलं तर ना पूड कामाची ना ॲसिड, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.