महाडीबीटी शिष्यवृत्ती सेवा : पुण्यातील एका पालकाचा अभिप्राय
मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी आम्ही महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळते, आणि आमच्यासारख्या रिक्षावाल्याच्या घराला हा फार मोठा आधार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हाताशी असले, की अर्ज घरबसल्या भरता येतो. मात्र बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे आधीच पाहून घ्यावे. खरी कसोटी महाविद्यालयाच्या खिडकीवर लागते. आमच्याकडे आधी पूर्ण शुल्कच मागितले गेले, आणि शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवल्यावरच लिपिकाने पावती दुरुस्त केली. पुण्यातल्या खोलीचा व मेसचा खर्च मात्र यात धरलेला नाही. त्यासाठी पात्र विद्यार्थ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा स्वतंत्र अर्ज अवश्य करावा.