इतिहास डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांचा जाडजूड संग्रह: बरेच महिने वाचून झाल्यावर

पुस्तक घ्या, पैसे वाया जाणार नाहीत, पण माझ्याकडून चारच स्टार. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण प्रत्यक्षदर्शींनी सांगितलेला जगाचा इतिहास असे जाडे ठोकळे बरेच प्रकाशक काढतात आणि साचा बहुतेकांचा एकच, प्राचीन अथेन्सपासून निघायचं आणि बर्लिनच्या भिंतीपर्यंत यायचं, प्रत्येक घटनेला दोन-तीन पानं, वर चार ओळींची ओळख, की पुढची घटना. माझी प्रत बरेच महिने उशाशी आहे, कोपरे दुमडलेत, समासात पेन्सिलच्या खुणा आहेत, म्हणजे हा नव्या नवरीचा उत्साह नाही.

एक सांगतो, सलग वाचू नका. लढाया तर ओळीने वाचल्या की सगळ्या सारख्याच वाटतात, धूर, आरडाओरडा, घोडे पडले, माणसं पडली, पुढची तारीख. कुठलंही पान उघडायचं आणि तेवढंच वाचून ठेवून द्यायचं, मग त्यातली माणसं दिसायला लागतात.

आणि ती माणसं कसली भारी आहेत! रोमन लेखक धाकटा प्लिनी घ्या. इ. स. ७९, इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटतोय, हा सतरा वर्षांचा पोरगा खाडीच्या पलीकडे मायसेनमला मामाकडे. मामा आरमाराचा प्रमुख, तो जहाज काढतो आणि विचारतो, येतोस का? तर हा म्हणतो नको, मला अभ्यास आहे. म्हणजे समोर डोंगरातून छत्रीसारख्या पाइन झाडाच्या आकाराचा ढग वर चाललाय आणि हे महाशय मामाने दिलेला अभ्यास करत बसलेत! मामा गेला आणि परत आलाच नाही. तिकडे मामा पोचला त्या स्टेबियाला वरून दगड पडत होते म्हणून लोक डोक्यावर उशा बांधून बाहेर पडले, हे त्याने लिहिलंय. नंतर स्वतः आईला घेऊन पळताना जो अंधार झाला तो अमावस्येच्या रात्रीसारखा नव्हता, बंद खोलीतला दिवा विझवल्यावर होतो तसा होता, असं तो म्हणतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसता बसलो.

पण इथेच माझी मुख्य तक्रार सुरू होते. उशांची गोष्ट प्लिनीने स्वतः पाहिलेलीच नाही, तो तिथे नव्हता, मामाबरोबरच्या लोकांकडून त्याने ती ऐकली. आणि ही पत्रं त्याने इतिहासकार टॅसिटसला लिहिली ती घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. संग्रहात यातलं काहीही नाही, वर फक्त 'इ. स. ७९' छापलंय, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की पोराने राख झटकली आणि लिहायला बसला. हे सगळं मला बाहेर शोधावं लागलं. तेव्हापासून सवयच लागली, प्रत्येक मजकुराशेजारी पेन्सिलने दोन गोष्टी लिहायच्या, माणूस नक्की कुठे उभा होता आणि लिहिलं कधी. अर्धी मजा आता त्यातच आहे, आणि खरं तर हे काम संपादकाचं होतं.

याच्या उलट इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स, जो घडलेलं तेव्हाच्या तेव्हा रोजनिशीत लिहायचा. लंडनची आग, २ सप्टेंबर १६६६, रविवार पहाटे. मोलकरीण येऊन उठवते, हा खिडकीतून बघतो, म्हणतो लांब आहे, आणि परत झोपतो. पुढे कबुतरं घरं सोडायला तयार नव्हती, खिडक्यांशी घिरट्या घालत राहिली आणि पंख जळून खाली पडली, ते त्याने टिपलंय. मग आग जवळ आल्यावर हा बागेत खड्डा खणून वाइन आणि स्वतःचं पार्मेझान चीज पुरतो! चीज!! हे पंचवीस वर्षांनी लिहिलं असतं तर चीज नक्की गळलं असतं आणि कबुतरांबद्दल चार सुंदर वाक्यं वाढली असती. ही माझी थिअरी आहे, पण अख्खं पुस्तक वाचताना ती वारंवार पटत गेली.

आता कोणी म्हणेल की मग ताबडतोब लिहिलेलं तेवढंच खरं मानायचं. तसंही नाही. हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजाचं वाचा, ६ मे १९३७, अमेरिकेतलं लेकहर्स्ट. रेडिओवाला हर्बर्ट मॉरिसन समोर ते हवाई जहाज पेटताना बोलतोय, रडतोय, याहून ताजं काय असणार. (बरेच जण ते लाइव्ह समजतात, ते रेकॉर्डिंग होतं आणि दुसऱ्या दिवशी लावलं गेलं.) ते ऐकून वाटतं की आतलं कोणी वाचलं नसेल. प्रत्यक्षात आत ९७ माणसं होती आणि त्यातली ६२ वाचली. डोळ्यांसमोर घडूनही ज्वाळांच्या पलीकडचं त्याला कसं दिसणार.

टायटॅनिकचं अजून वेगळं. बुडताना जहाजाचे दोन तुकडे झाले असं बोटीत बसलेल्या बऱ्याच लोकांनी सांगितलं, पण वाचलेला वरिष्ठ अधिकारी लाइटोलर ठामपणे म्हणाला की जहाज अखंड गेलं आणि ब्रिटिश चौकशीने तेच मान्य केलं. १९८५ साली तळाशी जहाज सापडलं, दोन तुकड्यांत. त्र्याहत्तर वर्षं! संग्रहात टायटॅनिकला पानं भरपूर आहेत, पण सगळी वाद्यवृंद आणि शेवटच्या निरोपांची, हा साक्षींचा झगडा एका ओळीतही नाही. सगळ्यात जास्त राग मला इथे आला.

पाचव्या स्टारच्या सगळ्यात जवळ पुस्तक जातं ते अणुबॉम्बच्या भागात, कारण तिथे दोन मजकूर शेजारी शेजारी आहेत. एक अमेरिकन पत्रकार विल्यम लॉरेन्सचा, ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर गेलेल्या विमानांपैकी एकात बसून पाहिलेला, ढगाचे रंग, आकार, जवळजवळ कौतुकच. दुसरा पत्रकार विल्फ्रेड बर्चेटचा, जो सप्टेंबरच्या सुरुवातीला एकटा ट्रेनने हिरोशिमाला पोचला आणि ढिगाऱ्यात बसून टाइपरायटरवर बातमी लिहिली, की स्फोटात ज्यांना जखमही झाली नव्हती तेसुद्धा नंतर मरतायत. ५ सप्टेंबरला ती लंडनच्या पेपरात आली आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी किरणोत्साराची गोष्ट उडवून लावली. लॉरेन्स त्या काळात अमेरिकेच्या युद्धखात्यासाठी काम करत होता, हे तळटीपेत तरी हवं होतं. तरी एकदा वरून आणि एकदा जमिनीवरून असं लागोपाठ वाचणं हा अनुभव दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने मला दिला नाही.

१८५७ बद्दल थोडं बोलतो, कारण मराठी माणसाला खुपणारच. तिथे सगळे गोरे साहेब आणि त्यांच्या बायका. अरे, झाशी पडली तेव्हा 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे आत होते ना! लूट कुठल्या क्रमाने झाली, आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, धान्य, हे त्यांनी गृहस्थाच्या नजरेने सांगितलंय. त्यांनीही लिहिलं ते पंचवीसेक वर्षांनीच आणि छापलं गेलं १९०७ मध्ये, म्हणजे प्लिनीला जागा मिळते तर यांनाही मिळायला काय हरकत होती? चीन आणि आफ्रिकेची तर नावालाच हजेरी.

बाकी किरकोळ. कागद पातळ आहे, मागची अक्षरं दिसतात. ऑडिओ आवृत्ती घेऊ नका, एकच नट सगळं वाचतो आणि पीप्सचं चीज आणि हिरोशिमाचं हॉस्पिटल दोन्ही त्याच दाटल्या गळ्याने. घरात लहान मुलं असतील तर छळछावण्यांचा भाग आधी आपण वाचून मग ठरवा, तिथे काहीही सौम्य केलेलं नाही आणि करूही नये. सूची फक्त घटनांची आहे, माणसांची नाहीच, त्यामुळे कोणाचं काय वाचलं होतं ते परत सापडत नाही. शोधून वाचायची सवय असेल तर सरळ ई-बुक घ्या.