थेंबे थेंबे तळे की मोरीला बोळा? घरखर्चाची कात्री आधी कुठे चालवायची

काटकसरीच्या बाबतीत आपल्या म्हणींचंच एकमत नाही. एक सांगते, थेंबे थेंबे तळे साचे. दुसरी लगेच ठणकावते, दात कोरून पोट भरत नाही. घरखर्च कमी करायला वही-पेन घेऊन बसलेल्या माणसाची पंचाईत इथेच होते. रोजच्या चिल्लर खर्चावर पहारा ठेवायचा, की महिन्याच्या महिन्याला गुपचूप जाणाऱ्या ठोक रकमांना हात घालायचा? ‘दोन्ही करा’ असा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही, पण कामाचाही नाही, कारण अडलेलं असतं ते सुरुवातीपाशी.

माझा कौल आधीच सांगून टाकते. एकदा ठरवलं की परत लक्ष द्यावं लागत नाही अशी कपात आधी, रोज मन मारावं लागतं ती नंतर. मात्र काही घरांत हा क्रम उलटा लागतो. त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे.

रोजचा पहारा आणि एकदाचा निर्णय

बाहेर काही न घेण्याचा निश्चय केला, तर तो वर्षातून ३६५ वेळा पाळावा लागतो. दमून घरी येण्याच्या दिवशी, पाहुणे असताना, मूड गेलेला असताना सुद्धा. पहिले दोन आठवडे उत्साहात जातात, तिसऱ्यात आपणच स्वतःला एखादी सूट देतो आणि महिनाअखेरीस ‘एवढं काटकसरीने राहिलो, आता एक तरी’ म्हणत सगळी भरपाई होते. यात स्वभावाचा दोष फारसा नाही. जे काम रोज नव्याने करावं लागतं ते कधीतरी चुकणारच.

याउलट ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब काढून साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी लावला, की विषय संपला. दिवसाला ५ तास दिवा जळत असेल तर जुन्याला वर्षाला जवळपास ११० युनिट लागायचे, नव्याला १६-१७ पुरतात. एका दिव्यामागे वर्षाला ९३ युनिट वाचले आणि त्यासाठी कोणाला कोणावर ओरडावं लागलं नाही.

ओरडण्यावरून आठवलं. मोबाइल चार्ज झाल्यावर चार्जर बोर्डातच राहिला की मी घरात कटकट करायचे. एकदा हिशोब मांडला आणि ओशाळले. चांगला आधुनिक चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे वर्षभर तसाच ठेवला तरी १ युनिट होत नाही. आणि मी रोज सकाळी काय करत होते? २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण ०.७ युनिट लागतात. फोनची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरूनसुद्धा, ०.०२ युनिटच्या आत भागतं. म्हणजे माझ्या एका आंघोळीच्या पाण्यात फोन निदान ३५ वेळा चार्ज झाला असता. मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, तो हा असा.

घरातला विजेचा पैसा बहुतेक तापवण्यात आणि थंड करण्यात जातो. उजेड, फोन, रेडिओ हे त्यापुढे किरकोळ. म्हणून बिल कमी करायचं असेल तर आधी गीझर, एसी, हीटर, फ्रिज यांच्याकडे बघा. गीझरचं तापमान उतरवून ठेवणं, फ्रिज ४ अंशांवर आणि फ्रीजर उणे १८ वर लावणं ही एकेका मिनिटाची कामं आहेत. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढून पाहा. सहज निघाला तर दाराचं रबर गेलंय आणि थंडावा रात्रंदिवस बाहेर चाललाय.

ठोक कपातीची दुसरी बाजू

ठोक कपातीचं गणित चांगलं असलं तरी ती करायला कंटाळा येतो, हे मान्य करायला हवं. न वापरलेल्या वर्गण्या, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापणारी सबस्क्रिप्शन्स, शोधायच्या तर गेल्या १२ महिन्यांचं बँकेचं विवरण ओळीओळीने वाचावं लागतं. एका महिन्याचं पुरत नाही, कारण वर्षातून एकदा कापले जाणारे पैसे त्यात सापडत नाहीत. सुरू करताना एक बटण असतं, बंद करताना चार पानं आणि ‘नक्की जाताय का?’ असा लाडिक प्रश्न. मी एक पूर्ण दुपार यात घालवली आणि चिडचिड झाली. पण ती दुपार एकदाच गेली, तिचा फायदा अजून दर महिन्याला होतोय.

दुसरी अडचण आधी कराव्या लागणाऱ्या खर्चाची. कमी विजेचं उपकरण महाग येतं. तिथे ‘वीज वाचते’ एवढ्यावर भुलू नका. जास्तीच्या किमतीला महिन्याच्या बचतीने भागा, किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते कळेल. वसुलीला लागणारा काळ उपकरणाच्या आयुष्यापेक्षा बराच कमी असेल तरच घ्या. आणि घर भाड्याचं असेल तर जाताना बरोबर नेता येईल अशाच गोष्टीत पैसे घाला.

उसनवारीचं व्याज चालू असेल, तर मात्र ही सगळी तुलना बाजूला ठेवा. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्के होतं. कार्डाची ‘किमान रक्कम’ भरत राहून दिवे बंद करत फिरणं म्हणजे गळक्या पिंपात ओंजळीने पाणी भरणं. हाताशी येईल तो पैसा आधी तिथे.

मग चिल्लर खर्चाकडे कोणी बघावं?

ज्याची ठोक बिलं आधीच तळाला टेकली आहेत त्याने. ज्याला याच आठवड्यात हातात रोकड हवी आहे त्याने, कारण वर्गणी बंद केल्याचा फायदा पुढच्या तारखेला दिसतो, न केलेल्या खरेदीचा आजच. आणि ज्याला पैसे जातात कुठे हेच उमगत नाही त्याने तर आधी इथूनच सुरुवात करावी. निदान एक महिना.

त्या महिन्यात खर्च कमी करू नका, फक्त लिहा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली, तेव्हापासून तिथे ही सवय टिकून आहे. अ‍ॅप की वही, असं मला विचाराल तर मी वही म्हणेन. अ‍ॅप बेरीज बिनचूक करतं, पण आपण ती बघत नाही. आकडा हाताने लिहिताना तो थोडा बोचतो, आणि ते बोचणंच कामी येतं. ज्यांचे सगळे व्यवहार फोनवरूनच होतात त्यांनी अ‍ॅप खुशाल वापरावं, फक्त आठवड्याची बेरीज स्वतः मोठ्याने वाचावी.

घाऊक की लागेल तसं, हा वाद त्यामानाने लवकर मिटतो. पाकिटावरची किंमत नाही, वजनामागची किंमत बघा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही. २० टक्के स्वस्त मिळालेल्या मालापैकी पाचवा हिस्सा फेकला गेला तर कमाई शून्य, त्याहून जास्त गेला तर खिशातून गेले. साबण, कागद यांसारख्या न नासणाऱ्या गोष्टी घाऊक घ्याव्यात. पण घरात साठा दिसला की हात सैल सुटतो, हेही खरं.

काही कामं चिल्लर आणि ठोक यांच्या सीमेवर असतात. गळका नळ त्यातलाच. खाली मापाचा पेला ठेवून मी एकदा मोजलं होतं, मिनिटाला १० मिलिलिटर. इतकंसं पाणी, पण दिवसाला १४.४ लिटर आणि वर्षाला ५,००० लिटरच्या वर. हाच नळ गरम पाण्याचा असेल तर ३० अंशांच्या हिशोबाने ते तापवायला वर्षाला १८० च्या वर युनिट. इलाज होता नळाच्या आतला झिजलेला वॉशर. तो बदलायला पाण्याचा कॉक बंद करण्यापासून पुन्हा सुरू करेपर्यंत अर्धा तास लागला, आणि त्याआधी मी सहा महिने नुसती वाटी ठेवून भागवत होते.

वाचलेलं जातं कुठे?

विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल दाखवून दिलं होतं की इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळला नाही, उलट वापर वाढला. घरातही एलईडी आल्यावर ‘कितीसं बिल येणार’ म्हणत दिवा रात्रभर राहतो. पैशाचंही तेच. बिल कमी आलं तरी शिल्लक तेवढीच दिसते, कारण उरलेलं दुसरीकडे विरघळतं. त्यामुळे कपात कोणतीही निवडा, जुन्या आणि नव्या बिलातला फरक त्याच तारखेला दुसऱ्या खात्यात जाईल अशी कायमची सूचना बँकेला देऊन ठेवा. बंद केलेल्या प्रत्येक वर्गणीमागे मी तसंच करते, अगदी तेवढ्याच रकमेचं, सुट्ट्या पैशांसकट.