घोड्याच्या गाडीसाठी रबर मॅट, वापरून सांगतोय

पिकअपच्या हौद्यात घोडी न्यायची म्हणून खाली जाड रबर मॅट टाकलीय, १८ एमएमची, खालून खाचा असलेली, आणि खरंच सांगतो मस्त माल आहे. वर बारीक उठाव आहेत त्यामुळे ओलं असलं तरी नाल घसरत नाही, सारंगखेड्याच्या जत्रेला नेताना मधेच ब्रेक लागला तरी घोडी पाय रोवून निवांत उभी. पण मॅट टाकली म्हणजे खालच्या फळ्यांची काळजी मिटली असं अजिबात नाही!! मूत कडेकडेने झिरपून खाली जातंच, त्याचा अमोनिया होतो, लाकूड कुजतं, पत्रा असेल तर तोही गंजतो, शिवाय बंद गाडीत तो वास घोड्याच्या फुफ्फुसांना लय वाईट. म्हणून फेरी झाली की लीद लगेच काढायची, आणि अधूनमधून मॅट पूर्ण बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी खराट्याने घासायची, फळ्या धुवायच्या आणि खडखडीत वाळल्याशिवाय मॅट परत टाकायची नाही. फळीत स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, मऊ लागली की सरळ बदला, गाडीखाली वाकून आडव्या पट्ट्यांचा गंज पण बघा, तीन-चारशे किलोचं जनावर उभं असतं भाऊ त्यावर.

तक्रार एकच, वजन. एकट्याला उचलत नाही, तुकड्यांत घेतलेली बरी, फक्त जोड घट्ट बसवून घ्या नाहीतर तिथूनच पाणी खाली जातं. नव्या रबराचा वास सुरुवातीला येतो, उन्हात टाकली की जातो.