मुलांच्या निवासाची सोय: एकट्या कौन्सिलने करावी की प्रादेशिक सहकारातून?

इंग्लंडमध्ये आईवडिलांपासून दूर ठेवाव्या लागणाऱ्या मुलांची सोय करणे १९८९च्या बालक कायद्याने स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. पैसा आटला तरी ही जबाबदारी टळत नाही. म्हणून कात्री लागते ती कुटुंबांना वेळीच आधार देणाऱ्या सेवांना, आणि मग आणखी मुले घराबाहेर काढावी लागतात.

एकटी कौन्सिल जागा शोधते तेव्हा निर्णय झटपट होतो, मूल कौन्सिलच्या समाजकार्यकर्त्याच्या ओळखीचे असते. पण शुक्रवारी संध्याकाळी तातडीने जागा हवी असली, की खासगी संस्था मागेल तो दर द्यावा लागतो. शेजारची कौन्सिलही तीच खोली मिळवण्याच्या मागे असते.

प्रादेशिक सहकार, म्हणजे अनेक कौन्सिलनी मिळून ही सोय करणे, २०२२च्या मॅकअलिस्टर अहवालाने (इंग्लंडमधील बालसेवांच्या स्वतंत्र आढाव्याने) सुचवला. ग्रेटर मँचेस्टर आणि आग्नेय इंग्लंड पथदर्शी ठरले. गरजेचा अंदाज, करार, प्रतिपालक (अशी मुले आपल्या घरी सांभाळणाऱ्या) कुटुंबांची भरती, सगळे एकत्र. विशेष गरजांच्या मोजक्या मुलांसाठी वेगळे घर चालवणे एका कौन्सिलला झेपत नाही. ग्रेटर मँचेस्टरच्या दहा कौन्सिलना मिळून झेपू शकते. धोका अंतराचा: मूल शाळा-भावंडांपासून तुटते. शिवाय रिकाम्या जागेचा खर्च कोण उचलणार, हे करारात आधीच लिहिले नाही तर पहिल्याच वर्षी भांडण ठरलेले.

आमच्या मते विशेष घरे प्रादेशिक असावीत, प्रतिपालक कुटुंबाची निवड मात्र मुलाच्या गावाजवळच व्हावी.