एमजीए 1500 : डॅशबोर्डच्या काट्यांमागचे एलईडी, नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फोंड्याजवळच्या एका देवळातलं उत्सवाचं नाटक बघून रात्री दीडच्या सुमाराला आम्ही पणजीला परत येत होतो. बाणस्तारीचा पूल मागे पडल्यावर सौ.ने विचारलं, "किती स्पीड आहे?" मी खाली बघितलं आणि मला सांगता येईना. स्पीडोमीटरच्या जागी नुसती काळी थाळी, तिच्या खालच्या कडेला विडीच्या टोकाएवढा तांबूस उजेड. काटा शोधायला एक क्षण जास्त लागला आणि मान वर केली तेव्हा हेडलाइटच्या उजेडात रस्त्यावर बसलेली गाय होती. ब्रेक लागला, गाय वाचली, आम्हीही वाचलो. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

गाडी 1958ची एमजीए 1500, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, मडगावात पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत घेतलेली. तेव्हा गोव्यात खनिजाच्या निर्यातीचा पैसा खेळत होता, मुरगाव बंदरात परदेशी माल उतरत होता आणि भारतात सहजी मिळत नसलेल्या गाड्या इथे दिसायच्या. नंतर मामांनी ती जिवापाड सांभाळली, आणि आता चार वर्षं ती माझ्याकडे आहे. 1955 ते 1962 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात अशा एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यामुळे आपल्याकडे सुटा भाग मिळणं कठीण, आणि हाताने काही मोडलं तर ते भरून येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं काम मी याच धाकात केलं आहे.

या गाडीतल्या स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरांत उजेड कसा येतो ते आधी बघू. मागच्या बाजूने पितळी होल्डर दाबून बसवलेला असतो, त्यात 12 व्होल्ट, 2.2 वॅटचा बारीक आट्यांचा बल्ब. उजेड थेट डायलवर पडत नाही. डब्याच्या आतल्या भिंतींवर आपटून, डायलच्या कडेच्या फटीतून पुढे येतो आणि मग आकड्यांवर पसरतो. म्हणजे तीन गोष्टी लागतात : बल्बपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचायला हवा, बल्ब चांगला हवा, आणि डबा आतून पांढरा हवा. सगळेजण सुरुवात बल्बापासून करतात. मीही केली, आणि तिथेच सहा महिने गेले.

पहिला संच ऑनलाइन मागवला. सहा एलईडी, 480 रुपये, शुभ्र पांढरे. टेबलावर वेगळ्या बॅटरीला लावून बघितले तर लखलखीत. गाडीत बसवले तर सगळे ठार काळोख. कारण त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे या गाडीचा अर्थ (अर्थिंग) पॉझिटिव्ह आहे. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. तारेच्या जुन्या बल्बाला वीज कुठूनही आली तरी चालते, एलईडीला चालत नाही. त्या संचात बल्बाचं मधलं टोक पॉझिटिव्ह धरलेलं होतं, माझ्या गाडीत तेच निगेटिव्ह. विकणाऱ्याला कळवलं तर परत घ्यायला नकार मिळाला. पाकिटावर याबद्दल एक ओळही नव्हती. मागवताना 'नॉन-पोलॅरिटी' किंवा 'पॉझिटिव्ह अर्थसाठी' असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. ज्यांची गाडी नंतर कोणी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल त्यांनी आधी मल्टिमीटर लावून खात्री करावी. जुन्या मालकाच्या सांगण्यावर जाऊ नये.

मग म्हापशाच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी एलईडी बाजूला ठेवले, जुनाच बल्ब लावला आणि मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.4 व्होल्ट. होल्डरवर 9.8. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाब, बल्ब बरे आसात. अर्थ सारकी ना." खरा रोग तो होता. तारेच्या बल्बाचं असं असतं की व्होल्टेज पाचव्या हिश्शाने पडला की उजेड निम्म्याहूनही खाली जातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत साठ-पासष्ट वर्षं काढलेले होल्डर, त्यांच्या पितळेवर हिरवा कळंक चढलेला. मीटरला अर्थ मिळायचा तो मागच्या पट्टीतून, आणि ती पट्टी टेकलेली रंगाचे तीन-चार थर दिलेल्या डॅशबोर्डला.

होल्डर मी घरी आणले आणि आई देवाची समई घासते तसे चिंचेने घासले. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवले. आंबटपणा राहिला तर पुन्हा कळंक धरतो, म्हणून धुण्यात कसूर करू नये. प्रत्येक मीटरच्या मागच्या स्क्रूवरून एक काळी वायर फिरवली आणि तिचं टोक डॅशच्या आत, रंग खरवडून काढलेल्या जागी घट्ट कसलं. सांध्यांवर पातळ व्हॅसलीन. पुन्हा मोजलं तर होल्डरवर 11.8. एकही नवा बल्ब न लावता आकडे वाचता यायला लागले. खर्च दोनशे रुपयांच्या आत. कोणाला एवढ्यावरच थांबायचं असेल तर खुशाल थांबावं, मूळ गाडीशी प्रामाणिक राहण्याचा तोच मार्ग आहे.

मला मात्र आत बघायचं होतं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी मी सीटमागच्या दोन्ही 6 व्होल्टच्या बॅटऱ्यांची कनेक्शनं काढली. टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर, आधी उतरवला. काचेभोवतीची क्रोमची कडी तीन दातांवर अडकलेली असते, ती थोडी फिरवून खाचांशी आणायची की सुटते. सांगायला सोपं आहे. आतलं रबर डांबरासारखं चिकटलेलं आणि कडीखाली गंज. कडेने गंज सोडवणारं तेल फवारायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी दोन्ही तळव्यांत धरून केसाएवढं फिरवायचं, पुन्हा तेल. पक्कड लावली की कडी वाकलीच समजा. चौथ्या दिवशी ती हलली. त्या क्षणी हाताला जे जाणवलं ते मी विसरणार नाही : आधी एक बारीक करकर, मग अचानक सगळा विरोध संपला.

काच उचलली, मागचे दोन स्क्रू काढले, डायलसकट यंत्र बाहेर घेतलं. डबा आतून कधीकाळी पांढरा असावा. आता तो जुन्या चहाच्या किटलीसारखा, तळाशी कोळ्याचं जाळं. या भिंतीवरून उजेड परावर्तित होईल तरी कसा? मॅट पांढरा रंग दिला, दोन पातळ हात. चकचकीत किंवा चंदेरी नको, त्याने डायलवर डाग पडल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसतात. रंग वाळल्यावरही आठ दिवस डबा उघडाच ठेवला. घाईने बंद केला तर रंगाची वाफ काचेला आतून धरते. तोवर यंत्र उलट्या पातेल्याखाली झाकून ठेवलं होतं. स्पीडोमीटरमध्ये फिरणारं चुंबक आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, वाटीला केसासारखी स्प्रिंग. काट्याला बोट लावायचं नाही आणि डायल पुसायचाही नाही. अक्षरांचा रंग कापडाबरोबर निघून येतो. मी फक्त मऊ ब्रशने धूळ उडवली.

स्पीडो, टॅको आणि इंधनाचा मीटर असे तीन मी रंगवले. चौथ्याला हात लावला नाही. तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान एकत्र दाखवणारा तो मीटर इंजिनापर्यंत गेलेल्या बारीक तांब्याच्या नळीने बांधलेला असतो, आणि त्या नळीत ईथर भरलेला असतो. नळीला पीळ पडून ती फुटली की तापमानाचा काटा कायमचा मेला. उजेडासाठी एवढी जोखीम घेऊ नका.

आता एलईडी. दुसरा संच परदेशातून मागवला, टपालासकट 1,900 रुपये. पाहायच्या दोन गोष्टी. एक, उजेड बाजूंना टाकणारा हवा. ज्याच्या फक्त टोकावर चिप असते तो समोरच्या डायलच्या पाठीवर उजेड फेकतो, भिंती कोरड्या राहतात. दुसरी गोष्ट रंगाची. मी एका मीटरला 6000 केल्विनचा पांढरा आणि दुसऱ्याला 2700 केल्विनचा पिवळसर लावला आणि रात्री पोर्चमधले दिवे बंद करून मामांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. मामांचं वय आता ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदू काढलेले. पांढऱ्याकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले, म्हणाले, "हा टोचतो रे." पिवळसर मीटरवरचे आकडे त्यांनी चष्म्याशिवाय वाचले. निळसर उजेड अंधारात डोळ्यांना जास्त जाचतो, आणि काळ्या डायलवरची साठ वर्षं जुनी, किंचित पिवळी पडलेली अक्षरं त्यात आजारी दिसतात.

डिमरचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. डॅशवरचा मूळ रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करणारं बटण) एलईडीला कमी-जास्त करू शकत नाही. तो अँपिअरच्या आसपास प्रवाह धरून बनवलेला, आणि एलईडी त्याच्या पाचव्या भागाएवढाही घेत नाहीत, त्यामुळे रोधात व्होल्टेज फारसा पडत नाही. एलईडीच्या पट्ट्यांसाठी दीडशे रुपयांना पीडब्ल्यूएम डिमर मिळतो, तो वीज झपाट्याने चालू-बंद करून, म्हणजे तिचे तुकडे करून, उजेड कमी-जास्त करतो. त्यातल्या बहुतेकांत पॉझिटिव्ह सामाईक असतो आणि तुकडे होतात ते निगेटिव्हचे. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत ही अडचण ठरते, कारण तिथे निगेटिव्ह बॉडीतूनच परत जातो. पॉझिटिव्ह अर्थमध्ये मात्र बॉडी हाच सामाईक पॉझिटिव्ह, आणि डिमरमधून आलेला निगेटिव्ह सरळ लाल-पांढऱ्या वायरीने बल्बांकडे. ज्या उलट्या अर्थने पहिल्या संचाला मारलं तोच इथे कामाला आला. डिमर प्लॅस्टिकच्या डबीत बसवा, बॉडीला टेकू देऊ नका, आणि लाइनमध्ये 1 अँपिअरचा फ्यूज टाका. मूळ रिओस्टॅट मी काढला नाही, तो चालू-बंद करायला वापरतो.

ऑक्टोबर ते जुलै, नऊ महिने झाले. रात्रीचं चालवणं महिन्यातून पाच-सहा वेळा. आता नजर खाली जाते आणि लगेच वर येते. आकडे मैलांत आहेत, 30 म्हणजे ताशी 48 किलोमीटर, तेवढं गणित करूनही वेळ उरतो. डिमर बहुतेक वेळा पाव भागावर असतो. जुन्या गोव्याहून रायबंदरच्या बांधावरून येताना डावीकडे खारफुटीचा काळोख, उजवीकडे मांडवी, आणि पाटोच्या जवळ आलं की कॅसिनोंच्या बोटींचा झगमगाट. त्या एका पट्ट्यात मी डिमर वाढवतो आणि पुन्हा उतरवतो. एवढ्या साध्या गोष्टीने रात्रीची गाडी चालवणं बदललं आहे. सौ. आता स्पीड विचारत नाही, स्वतःच वाचते.

एक एलईडी एप्रिलमध्ये लुकलुकायला लागला आणि आठवड्याभरात गेला. जुने सगळे बल्ब मी गाडीतच ठेवले आहेत, दोन मिनिटांत बदलता येतात. डायनॅमोवर भार कमी होतो असं पुष्कळजण सांगतात. होतो, पण अँपिअरच्या आतच. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, डायनॅमो तसाही जवळजवळ काही देत नाही. त्यासाठी म्हणून हा खर्च करू नये.

सूचक दिव्यांत एलईडी घालू नका. हाय बीमच्या निळ्या ठिपक्यामागे मी घातला होता, त्याने संपूर्ण स्पीडोमीटर निळा झाला, दुसऱ्या दिवशी काढला. चार्जिंगच्या लाल दिव्यालाही तारेचा बल्बच राहू द्या. ज्यांनी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला आहे त्यांनी तर नक्कीच, कारण त्या बल्बातून जाणाऱ्या प्रवाहावरच बऱ्याच अल्टरनेटरांचं चार्जिंग सुरू होतं.

एक तोटा मात्र मला कोणी आधी सांगितला नव्हता. जूनमध्ये पाऊस लागला आणि स्पीडोमीटरच्या काचेला आतून दव धरलं. आधीही धरायचं, पण दिवे लावून अर्धा तास चालवलं की जायचं. 2.2 वॅटच्या बल्बाची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, आणि इतकी वर्षं तीच उष्णता आमच्या पावसाळ्यात डबा कोरडा ठेवत होती. एलईडीत ती नाही. कोरड्या गावात हे कळणारही नाही, गोव्यात आणि कोकणात कळतं. मी काचेखालचं जुनं रबर साफ करून तेच परत लावलं होतं, ती माझी चूक. ज्यांनी काम अजून सुरू केलेलं नाही त्यांनी कडी उघडतानाच नवं रबर हाताशी ठेवावं.

सध्या स्पीडोमीटरच्या मागे एक बल्ब तारेचा आणि बाकी एलईडी अशी तडजोड केली आहे. दव वीस-पंचवीस मिनिटांत जातं, उजेडात फरक दिसत नाही. नवी रबरं मागवली आहेत. चतुर्थी होऊन पाऊस ओसरला की पुन्हा कडी उघडायची, आणि यावेळी ती चार दिवस घेणार नाही.